मॅडम, तुम्ही थांबवलंत त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा लेकीच्या दातांच्या तारा निघाल्या. पेढे घेऊन आलो, तर तुम्ही एक उचललात आणि "आता रिटेनर रोज लावायचा, नाहीतर दात परत फिरतील" एवढंच म्हणालात. आभार मानायला जागाच ठेवली नाहीत, म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवतो. त्यावरून फौंड्रीत वाळूचा साचा पडतो. १५ वर्षांपूर्वी लेक दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मली. ती सहा दिवसांची असताना तुम्ही तिच्या तोंडाचं माप घेतलंत आणि प्लॅस्टरचं मॉडेल माझ्या हातात दिलंत. एवढंसं. हिरडीचे दोन तुकडे, मधली फट थेट टाळूपर्यंत गेलेली. तोवर मी तिच्या तोंडाकडं नीट बघितलंच नव्हतं, धीर होत नव्हता. मॉडेलकडं मात्र बघवलं. "हे दोन भाग आधी जवळ आणायचे, मग ओठ शिवायचा," तुम्ही म्हणालात. जीव थाऱ्यावर आला. कामाला हात घालता येतो.

घरात वेगळंच चाललं होतं. सुनेनं ग्रहणात भाजी चिरली, हे आमच्या आईचं पालुपद. तुम्ही तिला समोर बसवून विचारलंत, "मावशी, पोटातल्या बाळाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू नवव्यापर्यंत. तेव्हा सुनेला दिवस गेलेत हे तुम्हाला तरी नीट ठाऊक होतं का?" आईनं पुन्हा ग्रहणाचं नाव काढलं नाही. त्या रात्री बायको किती दिवसांनी पोटभर जेवली, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

मग ते दोन भाग जवळ आणायला तोंडात बसवायची प्लेट, दर आठवड्याला. गालावरच्या टेपनं कातडी लाल व्हायची, दूध नाकातून यायचं, उभं धरून वाटी-चमच्यानं पाजायचं. तुम्ही प्लेट एका बाजूनं घासायचात, दुसऱ्या बाजूला मऊ थर द्यायचात. मिलिमीटरभराचा खेळ, तो मला कळायचा. तिसऱ्या महिन्यात, वजन पाच किलो आणि हिमोग्लोबिन १०च्या वर गेल्यावर सर्जननी ओठ शिवला. वर्षाची झाल्यावर टाळू.

खरे आभार त्यापुढचे आहेत. सहाव्या वर्षी पुढचा दात वाकडा आला, शाळेत पोरं चिडवायला लागली. मी तुम्हाला न सांगता दुसरीकडं गेलो. तिथं लगेच तारा लावतो म्हणाले, ॲडव्हान्सही देऊन आलो. तुम्हाला कळल्यावर रागावला नाहीत. एक्स-रे उजेडावर धरून पेन्सिलीनं सुळा दाखवलात, फटीच्या कडेला वर हाडात लपलेला. "या फटीत हाडच नाही. दात तिकडं ओढला तर उभा कशात राहील? या सुळ्याचं मूळ अर्धं तयार होऊ दे, मग फटीत हाड भरू. आज काही करायचं नाही." फीसुद्धा घेतली नाहीत.

"आज काही करायचं नाही." हे वाक्य पुढं दोन वर्षं ऐकलं आणि दर वेळी चडफडत घरी गेलो. साचा गरम असताना फोडला तर कास्टिंगला तडा जातो, हे मी नव्या पोरांना रोज ओरडून सांगतो. स्वतःच्या पोरीच्या बाबतीत मात्र मीच हातोडी घेऊन निघालो होतो.

आठव्या वर्षी वरचा जबडा रुंद करायला टाळूला स्क्रू बसवलात आणि किल्ली माझ्याकडं दिलीत. पाव फेरा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. बुधवारी आणि रविवारी रात्री ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून आ करायची, बायको मोबाईलचा उजेड धरायची. लेथवर याहून बारीक काम केलंय, पण तिथं हात थरथरत नाही.

पुढं कमरेचं हाड काढून फटीत भरलं. आठवडाभर लंगडत होती. वर्षभरानं एका सकाळी मोरीतून ओरडली, "बाबा, टोक आलं!" भरलेल्या हाडातून सुळा आपला आपण खाली उतरला होता. कुणी ओढला नव्हता.

नंतरच्या तारा, रबरं, तुटलेले ब्रॅकेट, शेंगदाणे खाल्ल्याबद्दलची बोलणी, ते सगळ्यांच्याच पोरांचं असतं.

हे उघड लिहितोय, कारण गडहिंग्लज, चंदगडहून एसटीनं तान्हं बाळ घेऊन आलेली जोडपी तुमच्या बाकड्यावर दिसतात. साधारण सातशे बाळांत एक असं जन्मतं म्हणे. मला तेव्हा वाटलं होतं, अख्ख्या कोल्हापुरात आमचंच. त्यांच्यासाठी आणखी एक. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत हा दोषही धरलेला आहे, अंगणवाडी ताईंना विचारा.

टाळूवरच्या व्रणांमुळं वरचा जबडा वाढीत थोडा मागं राहिलाय, हे तुम्ही सांगितलंत. वाढ थांबली की, सतरा-अठराव्या वर्षी बघू म्हणालात. या वेळी मी घाई केली नाही, नोंद घ्यावी.

ते पहिलं मॉडेल माझ्या वर्कशॉपच्या फळीवर आहे, पॅटर्नच्या रांगेत. नवा पोरगा आला की विचारतो, "मिस्त्री, हा कुठल्या पार्टीचा?" मी सांगतो, घरचा आहे, ऑर्डर अजून चालू आहे.

आपला,
लेकीचा बाप