ज्येष्ठ सभासदांसाठी सूचना: रक्तदाब आणि स्मरणशक्ती

सर्व ज्येष्ठ सभासदांना नमस्कार.

विसरायला होतंय ते वयामुळेच, असं धरून चालू नका. रक्तदाबही तपासून घ्या. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे 15 टक्के त्याला लागतं. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. मग साधा हिशेब जुळवायलाही वेळ लागतो, औषधाची वेळ चुकते. घरच्यांच्या हे आधी लक्षात येतं, त्यांचं ऐका.

बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका, ही कळकळीची विनंती. उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो. नाडी अनियमित लागली तर ईसीजी काढून घ्या.

तोंड वाकडं झालं, बोलणं अचानक अडखळलं, तर थेट रुग्णालय गाठा.