कोरॉनला जाताना आधी जहाज ठरवा, मग रिसॉर्ट

महोदय,

फिलिपाइन्समधल्या कोरॉनला बुडालेली जहाजे पाहायला जाणारे बहुतेक जण आधी रिसॉर्टचे फोटो पाहून पैसे भरतात आणि डायव्हिंगची चौकशी तिथे पोचल्यावर करतात. हा क्रम उलटा हवा.

24 सप्टेंबर 1944 रोजी अमेरिकी नौदलाच्या विमानांनी बुडवलेली ही जपानी जहाजे वेगवेगळ्या खोलीवर आहेत. लुसाँग गनबोट स्नॉर्कल लावूनही दिसते. ओकिकावा मारू या तेलवाहू जहाजाचा डेक 10 ते 16 मीटरवर आहे. कोग्यो मारू कुशीवर पडले आहे, तळ 34 मीटरला. त्याच्या होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, सिमेंटची पोती दगड होऊन बसली आहेत आणि एक बुलडोझरही आहे. इराको या जहाजाचा तळ 40 मीटरच्या पलीकडे. ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या डायव्हिंग प्रमाणपत्राची (कार्डाची) मर्यादा 18 मीटर, पुढच्या ॲडव्हान्स्डची 30. मालवणला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला प्रशिक्षकाचा हात धरून केलेला स्कुबा म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. कार्ड न मागता इराकोला न्यायला तयार होणारा ऑपरेटर तिथेच बाद करा.

ऑक्सिजनबद्दल नेमके विचारा. ‘बोटीवर आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. डीकम्प्रेशनचा त्रास (वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होणे) झालेल्याला मिनिटाला 15 लिटर द्यावा लागतो, म्हणजे 400 लिटरचा छोटा सिलिंडर 27 मिनिटांत संपतो. किनारा तासभर लांब असेल तर असे किमान तीन हवेत. पुढे रुग्णाला कोणत्या रीकम्प्रेशन चेंबरला (वाढीव दाबाखाली उपचार करणाऱ्या कक्षात) आणि कसे नेणार, हेही लेखी घ्या.

जहाजाच्या आत धोका गाळाचा. पायातल्या फिनच्या एका फटक्याने, किंवा छताला लागलेल्या बुडबुड्यांनी गंज सुटून, क्षणात काही दिसेनासे होते. परतीची वाट सापडावी म्हणून गाइड रीळ आणि दोरी बांधतो का, एका गाइडमागे किती जण असतात, प्रत्येकाकडे दोन टॉर्च असतात का, हे विचारा. आत जाण्याचे प्रशिक्षण नसेल तर बाहेरूनच पाहा. बाहेरूनही ही जहाजे पोटभर पाहता येतात.

32 टक्के नायट्रॉक्सवर (जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेवर) 30 मीटरला साध्या हवेच्या 20 ऐवजी 30 मिनिटे मिळतात. पण साधारण 34 मीटरखाली त्यातला ऑक्सिजनच घातक ठरू शकतो, म्हणून इराकोच्या तळासाठी तो सिलिंडर नको. ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा ॲनालायझर स्वतःच्या हाताने लावू देत नसतील तर तिथला नायट्रॉक्स घेऊच नका. बेटावरच्या रिसॉर्टमध्ये सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर आणि डिझेल जनरेटर शेजारी असतात का, तेही बघून घ्या. धूर हवेच्या नळीत गेला तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरतो. त्याला ना वास, ना चव.

आता रिसॉर्ट. सांगात बेटाभोवती राहिलात तर जहाजे जवळ पडतात, पण हवामान बिघडले की बेटावर अडकून बसावे लागते. कोरॉन गावातून रोज बराच बोटप्रवास करावा लागतो, मात्र ऑपरेटर पटला नाही तर बदलता येतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गावातच राहावे, असे आमचे ठाम मत आहे.

प्रवासविमा डायव्हिंगला, आणि किती मीटरपर्यंत, लागू आहे ते पॉलिसीत वाचून घ्या. शेवटच्या डायव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचे नाही. म्हणजे शेवटचा दिवस डायव्हिंगविना. त्या दिवशी कायांगन तळ्यात पोहून यावे.

— स्कुबा प्रशिक्षक, मालवण