निद्रिस्त चिपची तपासणी

संपादक महोदय,

एका बॅटरीवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपकरणांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचनीय होता. मात्र अशा उपकरणांतील दोष शोधणाऱ्याची अडचण त्यात निसटली, म्हणून हा पत्रप्रपंच.

मायक्रोकंट्रोलर (उपकरण चालवणारी छोटी संगणक-चिप) गाढ निद्रावस्थेत गेला की त्याच्या गाभ्याचे क्लॉक (कामाला ताल देणारा संकेत) थांबते आणि त्यावरच विसंबलेली डीबगरची (चिपला जोडून प्रोग्राममधील दोष शोधण्याच्या साधनाची) जोडणीही बहुधा तुटते. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर मालिकेतील अनेक चिपमध्ये यासाठी डीबीजीएमसीयू हा डीबगिंगच्या सोयी सांभाळणारा विभाग आहे. त्यातील स्लीप, स्टॉप व स्टँडबाय या निद्रेच्या अवस्थांचे बिट (०-१ असे स्विच) १ केले की क्लॉक चालू राहते व जोडणी टिकते. सोय चांगली, पण खरी मेख इथेच आहे. क्लॉक चालू असल्याने वीजवापर वाढतो, आणि स्टँडबायमध्ये तर डिजिटल भागाचा वीजपुरवठा तुटतच नाही. म्हणजे जी अवस्था तपासायची, ती चिपमध्ये आलेलीच नसते. शिवाय हे बिट साध्या रीसेटने (चिप नव्याने सुरू केल्याने) पुसले जात नाहीत, त्यामुळे डीबगर काढल्यावरही, वीजपुरवठा एकदा पूर्ण तोडल्याशिवाय, मोजलेला प्रवाह विश्वासार्ह ठरत नाही. (माहितीपुस्तिकांत ही गोष्ट ठळक अक्षरांत का नसते, हे कोडेच आहे.)

प्रोग्राम सुरू होताच चिप झोपत असेल, तर चिप रीसेटमध्ये रोखून धरूनच, म्हणजे प्रोग्राम सुरू होण्याआधीच, डीबगर जोडावा लागतो. जागे होण्याचा वेळ तपासायचा असल्यास मात्र डीबगर बाजूला ठेवून प्रोग्राममधूनच चिपच्या एखाद्या मोकळ्या पिनवरील व्होल्टेज वर-खाली करावे आणि ते ऑसिलोस्कोपवर (विद्युत संकेताचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहावे, हे मला अधिक भरवशाचे वाटते.

आपला,
एक वाचक