लिव्हरवरचा डाग आणि पुढची सोनोग्राफी : मदतीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

परळ, लालबाग, नायगाव भागातल्या चाळींत राहणारे आम्ही काही रहिवासी बाहेरगावाहून उपचारासाठी आलेल्या ब्लड कॅन्सरच्या रुग्णांना जमेल तशी मदत करतो. कुणाला घरचा डबा, कुणाला रात्रीच्या गाडीपर्यंत सोबत, कुणासाठी प्लेटलेट्स देणारा माणूस शोधून आणणं, असं आजवरचं काम. या वेळी मात्र आम्ही लिव्हरच्या सोनोग्राफीसाठी पैसे मागतो आहोत. पहिल्या सोनोग्राफीचे पैसे घरचे कसेही उभे करतात. अडतं ते दुसरीला, तिसरीला, पाचवीला.

मराठवाड्यातून आलेलं एक कुटुंब आमच्या ओळखीचं आहे. मुलाला अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर. किमोनंतर पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या, मग हळूहळू चढल्या. काउंट, म्हणजे पेशींची संख्या, वाढले म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली. पण ताप उतरेना. पोट तपासलं तर लिव्हरवर आणि प्लीहेवर बारीक बारीक डाग दिसले. ‘डाग’ हा शब्द कानावर पडताच वडिलांनी धरून चाललं की कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला, आता संपलं. त्यांनी पिशवी भरायला घेतली होती. पुढे कळलं, ती बुरशी होती.

हे प्रत्येक घरात समजायला हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कॅन्डिडा नावाची बुरशी एरवी आपल्या आतड्यात निमूट राहत असते. किमोने आतड्याचं अस्तर सोललं जातं, अंगात लढायला पांढऱ्या पेशी उरत नाहीत, आणि ही बुरशी रक्तातून थेट लिव्हरमध्ये जाऊन बसते. काउंट पडलेले असताना सोनोग्राफीत बहुधा काहीच दिसत नाही, कारण बुरशीभोवती गोळा व्हायला पेशीच नसतात. काउंट वर आले की पेशी तिला घेरतात आणि मग डाग उमटतात. कधी नुसते काळपट ठिपके, कधी गडद कड्याच्या मधोमध उजळ टिंब, तर कधी चाकात चाक बसवल्यासारखी आकृती. म्हणून पेशी सुधारल्यावरही ताप रेंगाळत असेल, तर डॉक्टर लिव्हर पाहायला सांगतात.

पण प्रत्येक डाग बुरशीचाच असतो असंही नाही. लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, गाठ असू शकते, ल्युकेमियाच्या पेशींचा साठा असू शकतो, पू झालेला असू शकतो. जन्मापासून असलेला रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता, म्हणजे हिमँजिओमा, हाही निघू शकतो. सुई घालून तुकडा काढणं सोपं नसतं, कारण प्लेटलेट्स कमी असताना रक्तस्राव आवरणं कठीण जातं. अशा वेळी काही केंद्रांत शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडून सोनोग्राफी करतात. हे बुडबुडे तांबड्या पेशीहूनही लहान असतात आणि रक्तवाहिनीच्या बाहेर जात नाहीत. पडद्यावर हिमँजिओमा या बुडबुड्यांनी कडेकडून आत भरत जाताना दिसतो. पू झालेल्या भागाच्या मध्यात रक्तच पोचत नाही, त्यामुळे तो काळाच राहतो. बुडबुड्यांतला वायू काही मिनिटांत श्वासावाटे निघून जातो, किडनीवर त्याचा भार येत नाही. बुरशीच्या काही औषधांनी किडनी आधीच थकलेली असते, तेव्हा ही गोष्ट लहान नाही. शिवाय साधी सोनोग्राफी खाटेजवळ करता येते, किरणोत्सर्ग नाही, लहान मुलाला गुंगी द्यावी लागत नाही. सोनोग्राफीने सगळं कळतं असा आमचा दावा नाही. सीटी, एमआरआय किंवा सुईची तपासणी लागली तर लागतेच, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता पुन्हापुन्हा तपासणी कशाला? बुरशीची औषधं महिनोन्‌महिने चालतात. अनेकदा ती चालू ठेवूनच किमोही पुढे नेता येते. त्या किमोत काउंट पुन्हा पडले की हेच डाग पुसट होतात. घरच्यांना वाटतं बरं झालं, औषध संपलं तरी चालेल. काउंट वाढले की डाग परत दिसतात. एकाच रिपोर्टवर विसंबून औषध थांबवणं घातक ठरतं. आम्ही हे जवळून पाहिलं आहे. गाडीभाडं, मुंबईतला मुक्काम, बुडालेली मजुरी आणि वर तपासणीचे पैसे असा हिशेब जुळेना, की पुढची तारीख चुकते. सरकारी योजना आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा यांचा फार मोठा आधार आहे, पण दाखल नसताना लागणाऱ्या या मधल्या खर्चाला अनेकदा कुणीच वाली नसतो.

तो खर्च आम्हाला उचलायचा आहे. डॉक्टरांची लेखी चिठ्ठी पाहून आम्ही पैसे थेट तपासणी केंद्रात भरू. रुग्णाच्या हाती रोख देणार नाही आणि कोणती तपासणी करावी हेही सुचवणार नाही. रक्कम कितीही लहान असो, पावती मिळेल, आणि जमाखर्च दर महिन्याला कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागेल.

एक विनंती कळकळीने. जुनं सोनोग्राफी मशीन देऊ करणारे दाते भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या ठिकाणी असं मशीन ठेवता येत नाही. मुलींचे जीव वाचवण्यासाठी झालेला तो कायदा आहे आणि आम्ही तो मनापासून पाळतो. कृपया मशीन पाठवू नका.

पैशांपलीकडे माणसंही हवीत. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशीपोटी जावं लागतं, आणि काउंट कमी असलेल्या मुलाला गर्दीच्या खोलीत तासन्‌तास बसवणं बरं नाही. सकाळी लवकर जाऊन नंबर लावणारा, आणि तोवर मूल आईसोबत मोकळ्या हवेत थांबू शकेल याची काळजी घेणारा कुणी हवा. आठवड्यातली एक सकाळ दिलीत तरी पुरे. प्लेटलेट्स देऊ शकणाऱ्यांनीही नाव आणि रक्तगट नोंदवावा. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, त्यामुळे ऐन वेळी हाकेला येणारी माणसंच लागतात.

मंडळाचं कार्यालय चाळीच्या तळमजल्यावर रोज संध्याकाळी ७ ते ९ उघडं असतं. रविवारी सकाळीही कुणीतरी असतंच. येताना कोणत्या वाराला सकाळी मोकळे आहात, तेवढं ठरवून या.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते