काटा वर चढला की थांबा

पुणे, रविवार

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

गाडी काल संध्याकाळी गॅरेजमधून आणली. बाबा, एसीचा गॅस भरावा लागला नाही, गॅस पुरेसा होता. फोनवर नीट सांगता आलं नाही आणि तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून दिलात, म्हणून सविस्तर लिहिते.

इंजिन गरम होणं आणि एसी गार न पडणं या तुमच्या मते दोन वेगळ्या तक्रारी होत्या. मूळ एकच निघालं. इंजिनचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, असतो, अगदी खेटून, आणि दोघांमधून हवा ओढायला पंखे तेच. आपल्या दोन पंख्यांपैकी एकाची मोटर गेली होती. गाडी ८०च्या वेगानं पळत असली की समोरून येणारा वाराच पुरतो. म्हणून शिरवळच्या सपाट रस्त्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर आणि एसी थंडगार! नवले पुलाच्या गर्दीत, नाहीतर भरल्या गाडीनं खंबाटकी घाट चढताना वारा पुरत नाही आणि पंखाही एकच. कंडेन्सरची उष्णता तिथंच साठते, तीच गरम हवा मागच्या रेडिएटरला मिळते, काटा चढतो आणि एका मर्यादेनंतर इंजिन वाचवायला गाडी आपणहून एसीचा गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर बंद करते. आई, मधल्या सीटवरून तू ‘नुसताच वारा येतोय’ म्हणायचीस, ते अगदी खरं होतं.

मेकॅनिक मला आवडला. गाडी उभ्या जागी चालू ठेवून त्यानं एसी लावला आणि आधी बॉनेट उघडून पंखे बघितले. फ्यूज आणि पंख्याला वीज सोडणारा स्विच, म्हणजे रिले, शाबूत, मोटरपर्यंत करंट पोचतोय, तरी पंखा फिरेना. मग एसीला दाब मोजायचं गेज लावलं, तर जास्त दाबाच्या बाजूचा आकडा वरच होता. त्यात आणखी गॅस घातला असता तर दाब अजून वाढून गार होणं आणखीच कमी झालं असतं. बाबा, हा गॅस वापरून संपत नाही. कमी झालाच तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून देणाऱ्याकडे कृपा करून पुन्हा जाऊ नका.

नवी मोटर नाना पेठेत मिळाली. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मध्ये माती, वाळलेलं गवत आणि किडे यांचा थर बसला होता, तोही साध्या पाइपानं हळूहळू धुऊन काढला. वॉशिंग सेंटरवाल्याला तिथं जोराचा फवारा मारू देऊ नका, जाळीच्या पातळ पट्ट्या दुमडतात.

आता तुम्ही रेडिएटरमध्ये भरता त्या बोअरच्या पाण्याबद्दल. आपल्याकडे बर्फ पडत नाही मग पाणी गोठू न देणारं कूलंट कशाला, असं तुम्ही नेहमी म्हणता. आई, गीझरची कॉइल काढल्यावर तिच्यावर पांढरा थर दिसतो ना, तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो. कूलंट आतला गंज थांबवतं आणि साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. आता निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलंय. रेडिएटरचं झाकणही बदललं, त्याचं रबर कडक झालं होतं. ते झाकण आत साधारण एक बार, म्हणजे बाहेरच्या हवेइतका, जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे १०० अंशांना उकळणारं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. गरम गाडीचं झाकण उघडलं की तो दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. बाबा, फडकं धरूनसुद्धा उघडायचं नाही. किमान अर्धा-पाऊण तास थांबायचं आणि हाताला गार लागल्यावरच हात लावायचा.

इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. कोणी ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गरम होणार नाही’ म्हणालं तर नको म्हणा. त्यानं इंजिन नीट तापत नाही आणि डिझेल जास्त जातं.

इंजिन ऑइल तपासलं, ते दुधाळ झालेलं नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, कूलंटमध्ये बुडबुडे नाहीत. म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनचा वरचा भाग ‘हेड’ आणि खालचा भाग यांच्यामधलं सील, वाचलंय. काटा लाल रेघेला टेकलेला असताना ‘घाट संपला की उतरेल’ म्हणत तसंच चालवलं की हेड वाकतं, आणि मग खर्च फार मोठा होतो. पण मला काळजी खर्चाची नाही. भर घाटात, मागून ट्रक येत असताना, तुम्ही दोघं बंद पडलेल्या गाडीपाशी उन्हात उभे आहात हे मनातूनच जात नाही. आईला बीपीची गोळी चालू आहे, उकाड्यानं तिला चक्कर येते. एसी तिच्यासाठी चैन नाही, बाबा. डिझेल वाचवायला तो बंद करू नका.

काटा चढू लागला तर आधी एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि काचा खाली, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत घेतली जाते. तरी उतरला नाही किंवा वाफ दिसली तर जागा बघून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि मला फोन करा. वेळ कुठलीही असो.

आई, एक काम तुझ्याकडे, कारण तू विसरत नाहीस. आठवड्यातून एकदा सकाळी, गाडी गार असताना, कूलंटच्या बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते बघ. मग बाबांना गाडी चालू करून एसी लावायला सांग आणि दोन्ही पंखे फिरतात का ते लांबून बघ. पदर आणि हात दूर ठेव. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

शनिवारी पहाटे गाडी घेऊन साताऱ्याला येते, खंबाटकी एसी लावूनच चढेन. उरलेला कूलंटचा कॅन डिकीत ठेवलाय. जळलेली मोटरही मागून घेतली आहे. बाबा, तुम्हाला ती उघडून बघायची असणार.

तुमची,
धाकटी