एक्सएमएलमध्ये मोजत बसू नका, नावाने शोधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांसाठी तुमच्या पेपरात जे छापून येतं ते मी आवर्जून वाचतो, म्हणून हे पत्र. जावास्क्रिप्टने एक्सएमएल (टॅग लावून माहिती मांडलेली फाइल) वाचायला शिकवताना अजूनही कित्येक ठिकाणी आधी फर्स्टचाइल्ड (आतला पहिला नोड, म्हणजे फाइलचा एक तुकडा), मग नेक्स्टसिब्लिंग (त्याच्या शेजारचा पुढचा नोड), मग नोडव्हॅल्यू (नोडमधला मजकूर) असंच शिकवतात, आणि नव्या पोरांचा सगळा जीव त्यातच जातो.

माझंच सांगतो. पुस्तक नावाचा टॅग, त्याच्या आत नाव, लेखक आणि पानं असे तीन टॅग (हो, टॅगची नावं देवनागरीत चालतात). फाइल एका सलग ओळीत होती तोवर फर्स्टचाइल्ड म्हटलं की नाव बरोबर मिळायचं, मग कुणीतरी वाचायला सोपं जावं म्हणून प्रत्येक टॅग वेगळ्या ओळीवर घेतला आणि कोड बंद! दोन दिवस मी कोडच उलटासुलटा करत बसलो, शेवटी चाइल्डनोड्सची (आतल्या सगळ्या नोडच्या यादीची) लेंग्थ प्रिंट करून बघितली तर 7. टॅग तीन आणि नोड सात, कारण टॅगच्या आधी, मधे आणि शेवटी जे एंटर आणि स्पेस असतात त्यांचेही टेक्स्ट नोड बनतात, आणि माझं फर्स्टचाइल्ड म्हणजे नुसती मोकळी जागा होती.

म्हणून म्हणतो, पहिल्याच दिवशी क्वेरीसिलेक्टर नाहीतर गेटएलिमेंट्सबायटॅगनेम (दोन्हींनी टॅग नावाने शोधता येतो) शिकवा आणि मजकूर टेक्स्टकंटेंटने घ्यायला लावा, कारण एलिमेंटचं (म्हणजे टॅगच्या नोडचं) नोडव्हॅल्यू नल, म्हणजे काहीच नाही असं, असतं, मजकूर असतो तो त्याच्या पोटातल्या टेक्स्ट नोडमध्ये. आतले टॅगच हवे असतील तर चिल्ड्रन वापरा, तिथे तीनच येतात. आणि इंग्रजी नावांमध्ये कॅपिटल-स्मॉल पण सांभाळा, एचटीएमएलमध्ये खपून जातं ते इथे खपत नाही.

अजून एक, हे तर कुणी सांगतच नाही. डीओएमपार्सरला (एक्सएमएलचा मजकूर वाचून त्याचं डॉक्युमेंट बनवतो तो) तुटकं एक्सएमएल दिलं तर तो एरर फेकत नाही, त्यामुळे ट्राय-कॅच (फेकलेली एरर पकडायची सोय) लावून काही हाती लागत नाही, तो गुपचूप पार्सरएरर नावाचा एलिमेंट असलेलं डॉक्युमेंट परत देतो आणि आपण त्यात पुस्तक शोधत बसतो! शोधायच्या आधी पार्सरएरर आहे का ते बघायचं, एका ओळीचं काम आहे. पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा ती ओळ तेवढी नक्की घाला, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक