प्रकल्पाचे सत्र आणि मुक्त सॉफ्टवेअरचे वेळापत्रक

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात सत्र सुरू झाले की जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाचे गट पडतात आणि प्रकल्पाचे विषय ठरतात. त्यांत आता ‘मुक्त सॉफ्टवेअरला योगदान’ (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या कामात भाग घेणे) हा विषयही दिसू लागला आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. खंत एवढीच की प्रत्यक्ष कामाला हात लागतो तो ऑक्टोबरमध्ये, आणि तोही ‘रीडमी’ या परिचयाच्या फाइलमधला एखादा शब्द बदलून पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवण्यापुरता. २०२० च्या हॅकटोबरफेस्टमध्ये, म्हणजे पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या ऑक्टोबरच्या उपक्रमात, टी-शर्टसाठी अशा निरुपयोगी बदलांचा एवढा भडिमार झाला की महिना सुरू होतो न होतो तोच आयोजकांना नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग कळवला असेल, तिथलेच बदल मोजायचे असे ठरले.

दोष विद्यार्थ्यांच्या हेतूत नाही, वेळेत आहे. मोठ्या मुक्त प्रकल्पांचे कॅलेंडर आधीच ठरलेले असते आणि सगळ्यांना पाहता येते. ग्नोम या डेस्कटॉपची नवी आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते, लिबरऑफिस या ऑफिस-संचाची फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, उबुंटू या लिनक्सवरच्या संगणक प्रणालीची एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये. इथे तारीख पक्की असते आणि जे काम तोवर तयार नसेल ते पुढच्या आवृत्तीत जाते. सावदा-रावेरच्या केळी उत्पादकाला हे वेगळे समजवावे लागणार नाही: वॅगन भरायच्या दिवशी घड कापून तयार नसला तर तो पुढच्या गाडीला जातो, गाडी त्याच्यासाठी थांबत नाही. उबुंटूने २००६ मध्ये एकदा एप्रिलची आवृत्ती जूनवर ढकलली, म्हणून तिचा क्रमांक ६.०६ (वर्ष आणि महिना) आहे. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची रीत मात्र निराळी. तिथे आवृत्ती तयार झाल्यावरच निघते, पण त्याआधीचे गोठवण्याचे टप्पे तिथेही जाहीर असतात.

हे गोठवणे, म्हणजे फ्रीज, नवख्यांना सर्वांत कमी माहीत असते. ग्नोममध्ये आधी फीचर फ्रीज येतो. त्यानंतर नवी सोय घेत नाहीत. मग स्ट्रिंग फ्रीज, म्हणजे पडद्यावरचे शब्द बदलायचे नाहीत, कारण अनुवादक त्यावर काम करत असतात. बदलायचेच असतील तर अनुवादकांच्या गटाची परवानगी लागते. शेवटच्या दिवसांत कोड फ्रीज. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, नवे बदल घेण्याची मर्ज विंडो फक्त दोन आठवडे उघडी असते. पुढचे सात-आठ आठवडे दर आठवड्याला एक आरसी (अंतिम होण्याजोगी चाचणी-आवृत्ती) निघते आणि तीत फक्त दुरुस्त्या जातात. फीचर फ्रीजनंतर पाठवलेली नवी सोय कितीही चांगली असली तरी तशीच पडून राहते. विद्यार्थ्याला वाटते आपल्याला कोणी विचारत नाही, आणि तो पुन्हा तिकडे फिरकत नाही.

आता हीच तारखांची रांग आपल्या सत्रांशेजारी ठेवून पाहा. जुलैत लिबरऑफिसच्या आरसी निघतात, ऑगस्टमध्ये ग्नोमची बीटा (आरसीच्याही आधीची चाचणी-आवृत्ती), सप्टेंबरमध्ये फेडोरा या आणखी एका लिनक्स प्रणालीची. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसची बीटा मे महिन्यापासून पावसाळाभर चाचणीसाठी खुली असते, पायथनच्या आरसीही याच सुमारास येतात. दुसऱ्या सत्रात जानेवारीत पुन्हा लिबरऑफिस, फेब्रुवारीत ग्नोम, मार्चमध्ये फेडोरा आणि त्यामागोमाग उबुंटू. म्हणजे आपल्या दोन्ही सत्रांचे पहिले तीन महिने नेमके चाचणीचे हंगाम आहेत. नवे फीचर घालायला ऑक्टोबर ठीक असेल, कारण अनेक ठिकाणी नवे चक्र नुकतेच सुरू झालेले असते. पण नवख्याच्या हातून होण्यासारखे सर्वांत उपयोगी काम चाचणीचे, आणि तो हंगाम तोवर सरलेला असतो.

चाचणी कशाची करायची, तर मराठीची. हे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा साधा शब्द घ्या. त्यातला ऱ्य तीन प्रकारे साठवला जातो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडून, र आणि नुक्ता (खालचा टिंब) जोडून पुढे हलंत देऊन, किंवा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन युनिकोड या अक्षर-संकेतांच्या प्रमाणकातल्या नॉर्मलायझेशनमध्ये, म्हणजे एकाच अक्षराची रूपे एकसारखी करताना, एक होतात, तिसरा होत नाही. म्हणून दोन वेगळ्या कळफलकांवर टाइप केलेल्या अर्जांत ‘शेतकऱ्यांना’ शोधले तर काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी नाही. असा शोध कुठल्या अॅपमध्ये चालतो आणि कुठल्यात चुकतो याचा नीट तक्ता करणे हाच एका गटाचा सत्रभराचा प्रकल्प होऊ शकतो.

अक्षरच चुकीचे दिसत असेल तर दोष कोणत्या थरात आहे हे आधी ठरवावे लागते. फाँट, त्यावर अक्षरे जोडून आकार देणारे हार्फबझ, त्यावर मजकूर मांडणारे पँगो किंवा क्यूटी, त्यावर अॅप, असे थर असतात आणि प्रत्येक थराचा प्रकल्प वेगळा, त्याच्या तारखाही वेगळ्या. हार्फबझसोबत एचबी-व्ह्यू आणि एचबी-शेप या दोन आज्ञा येतात. तोच फाँट, तोच मजकूर आणि भाषा ‘एमआर’ (मराठी) देऊन त्या चालवा. तिथेही चूक दिसली तर फाँट बदलून पाहा. दुसऱ्या फाँटने सुटली तर तक्रार फाँटच्या प्रकल्पाकडे, नाही सुटली तर हार्फबझकडे. तिथे बरोबर आणि लिबरऑफिसमध्ये चूक, तर लिबरऑफिसकडे. तक्रार लिहिण्यापूर्वी एक तपासा: ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर बहुतेक वेळा मजकुराची भाषा हिंदी लावलेली असते. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाची वेगळी अक्षरे आहेत, तिथे ती भाषा मराठी असेल तरच वापरली जातात.

आणखी एक गोष्ट फार गोंधळ घालते. प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या लिबरऑफिसमध्ये हार्फबझ आतच बांधलेले असते, डेबियनच्या भांडारातले लिबरऑफिस मात्र डेबियनचेच हार्फबझ वापरते. त्यामुळे लिबरऑफिसची आवृत्ती तीच असूनही एका संगणकावर शब्द नीट दिसतो आणि शेजारच्यावर तुटतो. म्हणून तक्रारीत आवृत्तीची पूर्ण माहिती हवी. मदत मेनूतल्या ‘लिबरऑफिसबद्दल’ या खिडकीत ती कॉपी करण्याचे बटण आहे. सोबत पायऱ्या क्रमाने, काय दिसायला हवे होते, काय दिसले, आणि दोष दाखवणारी लहानात लहान फाइल. चाळीस पानांचा अहवाल जोडला तर तो कोणी उघडत नाही.

जुन्या आवृत्तीत चालणारे नव्या आवृत्तीत मोडले असेल तर गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली बायसेक्ट ही आज्ञा वापरावी. दर वेळी उरलेल्या बदलांचे दोन भाग करून मधला तपासायचा. एक हजार बदलांतून दोषी बदल दहा चाचण्यांत हाती लागतो. लिबरऑफिस स्वतः बांधायला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करायला, तगडा संगणक आणि काही तास लागतात, ते प्रत्येक लॅबमध्ये जमणार नाही. त्यासाठी त्या प्रकल्पाने आधीच बांधून ठेवलेल्या आवृत्त्यांची बिबायसेक्ट भांडारे ठेवली आहेत. आकार मोठा असतो, पण महाविद्यालयाच्या सर्व्हरवर एकदा उतरवले की सगळ्या गटांना पुरते.

दुरुस्ती दोन प्रकल्पांत पसरलेली असेल तर क्रम पाळावा लागतो. लायब्ररीत, म्हणजे अनेक अॅप वापरतात त्या सामायिक कोडमध्ये, नवे फंक्शन आधी जोडायचे, ती आवृत्ती निघाली की अॅपने ते वापरायचे, आणि जुने फंक्शन ते वापरणारी सगळी अॅप नव्यावर सरकल्यावरच काढायचे. क्रम उलटला तर अॅप बांधलेच जात नाही. ओपनस्टॅक या क्लाउड-सॉफ्टवेअरमध्ये यासाठी कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, मजकुरात ‘डिपेंड्स-ऑन’ अशी ओळ लिहितात. मग झूल ही यंत्रणा दोन्ही प्रकल्पांचे बदल एकत्र घेऊन चाचणी करते. कर्नलमध्ये हेच काम २००८ पासून लिनक्स-नेक्स्ट करते: वेगवेगळ्या गटांचे बदल मर्ज विंडो उघडण्याआधीच एकत्र करून टक्कर शोधायची. डेबियनमध्ये पॅकेज आधी अनस्टेबल या नव्या बदलांच्या भांडारात साधारण दोन ते दहा दिवस राहते, गंभीर बग आला नाही आणि चाचण्या पास झाल्या तर टेस्टिंगमध्ये जाते आणि टेस्टिंगमधूनच पुढची स्टेबल, म्हणजे पक्की आवृत्ती, बनते. चालू स्टेबलमध्ये सहसा सुरक्षेच्या आणि गंभीर दुरुस्त्याच जातात, म्हणून मराठीतला दोष आज सुटला तरी स्टेबल वापरणाऱ्याला पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागते.

या थांबण्याचे मोल मार्च २०२४ मध्ये कळले. एक्सझेड युटिल्स या फाइलचा आकार लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला गेला होता. तो जागा करणारी फाइल गिटमध्ये नव्हती, फक्त वितरणाच्या टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांना उतरवायला दिलेल्या कोडच्या गठ्ठ्यात, होती. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना डेबियन अनस्टेबलवर एसएसएच (दूरच्या संगणकावर शिरण्याची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले आणि प्रकार उघडा पडला. डेबियन स्टेबलपर्यंत तो पोचला नव्हता. गिटमधला कोड आणि टारबॉल ताडून पाहणे हेही विद्यार्थ्यांना सहज शिकवता येईल.

अनुवाद करणाऱ्या गटांसाठी थोडे. मूळ वाक्यात एक अक्षर जरी बदलले तरी जुना अनुवाद ‘फझी’ (पुन्हा तपासायचा) ठरतो आणि पडद्यावर इंग्रजी दिसते, म्हणून स्ट्रिंग फ्रीजनंतरच्या आठवड्यांत फझी नोंदी आधी हातावेगळ्या करा. मराठीत शब्दक्रम बदलतो, तेव्हा टक्के-चिन्हाच्या खुणांना (जिथे अॅप नाव किंवा आकडा भरते) क्रमांक द्या. एखादी खूण गळाली तर अॅप कोसळू शकते. फाइल पाठवण्यापूर्वी एमएसजीएफएमटी ही आज्ञा तपासणीच्या पर्यायासह चालवली की अशी चूक लगेच दिसते.

अहिराणीचा विषय आम्हाला सर्वांत जवळचा. भाषांच्या संकेतांच्या आयएसओ ६३९-३ या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला ‘एएचआर’ हा स्वतंत्र संकेत आहे. फोनवर आणि संगणकावर अहिराणी भाषा म्हणून निवडता यावी, तर आधी युनिकोडच्या सीएलडीआर या भाषा-माहितीच्या भांडारात मूळ माहिती हवी: वर्णमाला, वारांची आणि महिन्यांची नावे, तारीख लिहिण्याची रीत, अनेकवचनाचे नियम. तिथून ती आयसीयू या लायब्ररीत जाते, आणि आयसीयू वापरणारे प्रकल्प तिथून घेतात. लिनक्समधल्या जीलिबसी या मूळ लायब्ररीसाठी लोकेल फाइल (भाषेच्या रीतींची फाइल) वेगळी करावी लागते. सीएलडीआरच्या आवृत्त्या वसंतात आणि शरदात निघतात, पण माहिती भरण्याची मुदत ठरावीक आठवड्यांचीच असते. ती चुकली की पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. धुळ्याकडची आणि जळगावकडची बोली सारखी नाही, तेव्हा कोणते रूप द्यायचे हे मुदतीच्या आधी, भाषेचे अभ्यासक आणि बोलणारे लोक एकत्र बसवून ठरवायला हवे. इथे मराठी विभागाने संगणक विभागाचा हात धरावा.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आणि स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळांना आमची विनंती आहे. प्रकल्पाचे गुण पुल रिक्वेस्टच्या संख्येवर देऊ नका. दुसऱ्या कोणी पडताळून मान्य केलेली बग तक्रार, बायसेक्टने शोधलेला दोषी बदल, पूर्ण तपासलेली अनुवादाची फाइल, यांना गुण द्या. मार्गदर्शकांनी सत्राच्या पहिल्या आठवड्यात निवडलेल्या प्रकल्पाचे वेळापत्रक विद्यार्थ्यांकडून फळ्यावर लिहून घ्यावे, बीटा आणि फ्रीजच्या तारखांसह. विषय मंजूर करताना त्या तारखा आणि सत्राच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. यंदाच्या सत्रात हे करायला अजून वेळ आहे.

आपले,
मुक्त सॉफ्टवेअरची चाचणी आणि मराठीकरण करणारे काही जण,
जळगाव